फियाटचा मागचा लाल दिवा

आमच्या शिराळ्याच्या घरी काकांची एक प्रीमियर पद्मिनी आहे. पद्मिनी हे नाव फक्त आरसी बुकात, घरात सगळे तिला फियाटच म्हणतात. इंजिन अजून ठणठणीत आहे. विटले ते मागचे दिवे. लाल काचा उन्हाने फिकट गुलाबी झाल्या आणि आतल्या वाटीची चमक जाऊन ती राखाडी पडली. शोभेचा प्रश्न असता तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. पण काका अजून रात्री पेठ नाक्यावरून एकटे गाडी चालवत येतात, आणि ऊस सुरू झाला की त्या रस्त्याची काय अवस्था असते ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. म्हणून म्हटलं, या दिव्यांच्या मागे लागू. लागलो, तर हाताला बराच इतिहास लागला.

आधी गाडीचं. ही गाडी ज्या कंपनीची, ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढली. (सांगलीचं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं, आणि वालचंदनगरचा साखर कारखानाही त्यांचाच. म्हणजे ऊस आणि फियाट ही जोडी तशी जुनी!) कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांनी इथे उत्पादन तरी करावं नाहीतर गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले, प्रीमियर राहिली. १९६४ मध्ये फियाट ११०० डी आली, तीच १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि थोड्याफार फरकाने २००० पर्यंत बनत राहिली. इटलीत केव्हाच विसरली गेलेली गाडी आपल्याकडे छत्तीस वर्षं नवीकोरी मिळत होती, तीही आधी नंबर लावून!

याचा एक फायदा असा, की सुटे भाग कुठेही मिळायचे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच, तेव्हा कुर्ल्याच्या जुन्या बाजारात काचांचे ढीग असायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी गेल्या तसा सुट्या भागांचा धंदाही आटत चालला आहे. आता नवीन काच शोधण्यापेक्षा आहे तीच सुधारणं बरं.

तर मुद्दा असा, की मागच्या दिव्यात 'रिफ्लेक्टर' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांची गल्लत केली की घोटाळा होतो.

पहिली म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी. तिचं काम आपल्याच बल्बचा उजेड मागे फेकायचं. पूर्वीच्या मोटारींच्या मोठ्या दिव्यांत पितळेच्या वाटीवर चांदीचा मुलामा देत. चांदी शंभरातला पंचाण्णव भाग उजेड परत देते, पण आपल्या देवघरातल्या भांड्यांसारखी ती काळी पडते. क्रोमियम काळं पडत नाही, पण उजेड देतं जेमतेम पासष्ट भाग. १९३० च्या दशकात निर्वात पेटीत अॅल्युमिनियमची वाफ करून तिचा थर बसवण्याची युक्ती दुर्बिणींच्या आरशांसाठी रुळली. नव्वदीच्या आसपास उजेड आणि काळं पडणं नाही, म्हणून ती पुढे मोटारींच्या दिव्यांतही आली. हा थर केसाहून कितीतरी पातळ असतो. पितळी भांड्याच्या पॉलिशने घासला तर चमक येण्याऐवजी थरच फडक्यावर येतो. धूळ असेल तर कोमट पाण्यात साबण, बस. थर मुळातच गेला असेल तर पुन्हा मुलामा द्यावा, नाहीतर सरळ पांढरा रंग मारावा. पांढरा रंग आरशासारखा दिसत नाही, पण उजेड भरपूर पसरवतो, आणि मागच्या दिव्याला पसरलेला उजेडच हवा असतो. हुपरीला चांदीचा मुलामा द्यावा असा एक बेत घरात निघाला होता. मी पांढऱ्या रंगाच्या बाजूने मत दिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे लाल काचेतच घडवलेला, आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा भाग. (काच म्हणायची सवय, असतं ते अॅक्रिलिक.) याला वीज लागत नाही. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड तो जिथून आला तिकडेच परत पाठवतो. बॅटरी उतरलेली, गाडी रस्त्यात बंद पडलेली, अशा वेळी मागच्या ड्रायव्हरला तेवढाच दिसतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात तीच ही गंमत. चांदोलीच्या बाजूला बिबट्याच्या डोळ्यांत ती अनेकांनी पाहिली असेल. इंग्लंडात यॉर्कशरच्या पर्सी शॉने १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या 'कॅट्स आय'चं पेटंट घेतलं, ते याच कल्पनेवर. युद्धातल्या ब्लॅकआउटमध्ये त्यांचं महत्त्व सगळ्यांना पटलं.

काचेतल्या पोळ्याचा प्रत्येक कप्पा म्हणजे खोलीचा कोपरा, एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन भिंती. तीन भिंतींवर आपटून किरण आल्या वाटेने परत जातो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या वीरांनी चंद्रावर असेच शंभर कोपरे ठेवले, पृथ्वीवरून लेसर मारून अंतर मोजायला. पण आपल्या काचेमागे आरसा नाहीच! अॅक्रिलिकच्या आतून ४२ अंशांहून तिरका आलेला किरण बाहेर न पडता आतल्या आत उलटतो, आणि या कोपऱ्यांत तो सुमारे ५५ अंशांनी येतो. अट एकच, मागे हवा पाहिजे. तिथे पाणी, चिखल किंवा रंग चिकटला की किरण त्यात निसटतो.

आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. कुणा गॅरेजवाल्याने 'चमक येईल' म्हणून त्या पोळ्यावर मागून चंदेरी रंग मारून दिला होता. दिवसा छान दिसे. रात्री टॉर्च मारला तर ठिक्कर काळं. रंग मऊ ब्रशने हळूहळू निघाला (थिनर अॅक्रिलिकला खातो, तो लावायचा नाही), पण कडेचे कप्पे गेले ते गेलेच. पुढची बाजू पाण्याच्या पॉलिश पेपरने, आधी हजार आणि मग दोन हजार नंबर, घासून कंपाउंड लावल्यावर पारदर्शक झाली. उडालेला लाल रंग मात्र घासून परत येत नाही. म्हणून काकांच्या गाडीला बंपरखाली दोन नवे गोल रिफ्लेक्टर लावले. शोभेला जरा कमी, पण ते वापरायची गाडी आहे म्हणून चालवून घेतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०४ व्या नियमाने मोटारींना आणि ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर सक्तीचे केले आहेत. बैलगाडी मोटार नव्हे, तेव्हा तिला तो लागू नाही. पूर्वी तिच्या कण्याखाली कंदील लटकत असे, तो कधीच गेला. हंगामात आता गाड्यांना आणि ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवायची मोहीम निघते, आणि ती निघायलाच हवी. पण ट्रॉलीवर उसाच्या मोळ्या रचल्या की पाचट आणि वाढी मागे लोंबतात, नेमकी पट्टी झाकून. फडातून निघतानाच एकाने मागे जाऊन टॉर्च मारून बघितलं, तर दोन मिनिटांचं काम आहे.