अपत्यनिर्णय

अपत्य होऊ द्यावे की नाही, यासंबंधी दांपत्याने किंवा स्त्रीने स्वेच्छेने घेतलेला निर्णय. किती अपत्ये असावीत, या प्रश्नाहून तो निराळा आहे; संततिनियमनाच्या इतिहासात मात्र या दोहोंची वारंवार गल्लत झालेली दिसते.

पुत्रोत्पत्तीने पितृऋण फिटते, या धारणेमुळे हिंदू समाजात अपत्यहीनता ही निवड नव्हे, तर दैवाचा कोप मानली जाई व तिचा दोष बहुधा स्त्रीच्या माथी येई. नवस, दत्तकविधान व पुरुषाचा दुसरा विवाह हे त्यावरील रूढ उपाय होत.

या समजुतीला आचरणाने छेद देणारे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांचे. मूल होऊ द्यावयाचे नाही, असे या दोघांनी विचारपूर्वक ठरविले आणि रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करवून घेतली. शस्त्रक्रिया पुरुषाने करवून घेणे ही गोष्ट तेव्हा विरळा होती. पुढेही ती फारशी रुळली नाही. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. लंडनमधील मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. या कार्यापायी कर्वे यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली व संसाराचा बराच भार मालतीबाईंच्या मिळकतीवर पडला. १९२७ मध्ये सुरू केलेले समाजस्वास्थ्य हे मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालविले. त्यातील लेखनावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड टळला नाही. देशाच्या लोकसंख्येपेक्षा स्त्रीवर गर्भारपण लादले जाऊ नये, याचे महत्त्व कर्वे यांना अधिक होते.

१९३५ मध्ये वर्ध्यास मार्गारेट सँगर यांची भेट झाली असता महात्मा गांधींनी कृत्रिम साधनांऐवजी संयमाचाच पुरस्कार केला. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडलेला संततिनियमनाचा ठराव फेटाळला गेला. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तेथील गावे या चर्चेच्या कक्षेबाहेरच राहिली.

१९५२ पासून कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम झाला आणि निर्णयाची सूत्रे घरातून कचेरीकडे सरकू लागली. १९७६ मध्ये तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. पुढे ग्रामपंचायत कायद्यातील दुरुस्तीने, सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे दोहोंहून अधिक अपत्ये झालेली व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरविण्यात आली. त्यामुळे जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावासारख्या गावीही तिसऱ्या अपत्याचा प्रश्न पंचायतीच्या उमेदवारीशी जोडला गेला. एकही मूल नको म्हणणाऱ्या दांपत्याशी अशा नियमांना कर्तव्य नसते. त्याला जाब विचारतात ते आप्तेष्ट.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपत्य जन्मास घालण्याचा, तसेच न घालण्याचा स्त्रीचा अधिकार हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला. तो खटला चंडीगढ येथील शासकीय आश्रयातील एका बौद्धिक दिव्यांग युवतीचा होता. गर्भपात व्हावा, असे प्रशासनाचे म्हणणे होते. तिला मूल हवे होते.