मोजपट्टीच हलत असेल तर? मित्रकीटकांच्या संदर्भ जनुकांचा इतिहास

कॉफीवरील हिरव्या खवले किडीच्या नियंत्रणासाठी १८९८ साली क्रिप्टोलेमस हा ऑस्ट्रेलियातील ढालकिडा भारतात आणला गेला. पुढे तो पिठ्या ढेकणाचा शत्रू म्हणून द्राक्षबागांत स्थिरावला. त्या काळी मित्रकीटकाची पारख शेतात होई: त्याने किडी किती खाल्ल्या, त्याची प्रजा किती वाढली. शतकभरानंतर हा प्रश्न पेशीच्या आत शिरला. फवारणी, उष्मा किंवा उपासमार यांमुळे त्याच्या कोणत्या जनुकाचे कार्य वाढते आणि कोणत्याचे मंदावते?

हे मोजण्याचे साधन कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या पीसीआर तंत्रातून आले. १९९० च्या दशकात रिअल-टाइम पीसीआर विकसित झाले. त्यात प्रत्येक आवर्तनात डीएनए जवळजवळ दुप्पट होतो आणि ठरावीक पातळी गाठण्यास लागलेल्या आवर्तनांवरून मूळ प्रमाण कळते. परंतु प्रत्येक नमुन्यातून सारखाच आरएनए हाती लागत नाही. म्हणून तुलनेसाठी एक न बदलणारे जनुक लागते, ते संदर्भ जनुक. अ‍ॅक्टिन, जीएपीडीएच यांसारखी जनुके पेशीच्या नित्य व्यवहाराची. म्हणून ती स्थिर असणारच, असे गृहीत धरले जाई.

२००२ मध्ये बेल्जियममधील गेंट येथील यो वांडेसोम्पेले आणि सहकाऱ्यांनी मानवी ऊतींतील अशी दहा जनुके पारखली. एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे असल्याचे त्यांनी दाखविले आणि अनेक स्थिर जनुकांची भूमितीय सरासरी घेण्याची जीनॉर्म पद्धत मांडली. २००४ मध्ये नॉर्मफाइंडर व बेस्टकीपर या पद्धती आल्या. २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक सूत्रांनी संदर्भ जनुकांच्या निवडीचे समर्थन देणे अपेक्षित ठरविले.

कीटकांत ही अडचण अधिक तीव्र असते. अळीचा कोष होतो, कोषात शरीराची पुनर्रचना होते. स्नायूंशी निगडित अ‍ॅक्टिन या सर्व अवस्थांत सारखे राहील, याची हमी कोण देणार? मधमाशीचा जीनोम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००८ मध्ये तिच्या संदर्भ जनुकांची पडताळणी. २०१६ मध्ये सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची पाळी आली. आरएनए-हस्तक्षेपावर आधारित पिकांचा या मित्रकीटकावर अनपेक्षित परिणाम होतो का, हे तपासण्याची ती पूर्वतयारी होती.

येथे चूक महागात पडते. संदर्भ जनुक एका आवर्तनाने सरकले, तर निष्कर्ष सुमारे दुप्पटीने चुकतो. तीन आवर्तनांनी सरकले, तर आठपटीने. मग निरुपद्रवी फवारणी घातक भासते किंवा घातक फवारणी निर्धोक ठरते. भारतात नवे मित्रकीटक येतच आहेत. २०१० मध्ये पपईवरील पिठ्या ढेकणाविरुद्ध प्वेर्तो रिकोहून एक परोपजीवी गांधीलमाशी आणली गेली. मधमाशीसाठी पारखलेले जनुक अशा गांधीलमाशीला तसेच लागू होईल, असे मानता येत नाही. प्रत्येक जाती, अवस्था आणि प्रयोगासाठी ही परीक्षा नव्याने घ्यावी लागते.