गाव नावाचा थेंब

१५ ऑक्टोबर २०१४ हा महाराष्ट्रात विधानसभेच्या मतदानाचा दिवस होता. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास, आपण सगळे कोण निवडून येणार याचे अंदाज बांधत असताना, ‘ड्रुपल’ नावाच्या प्रणालीच्या सुरक्षागटाने एक सूचना प्रसिद्ध केली. सातव्या आवृत्तीत गंभीर दोष सापडला आहे, दुरुस्ती तयार आहे, ताबडतोब करून घ्या. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ हौसेनं सांभाळत होतो आणि ते याच सातव्या आवृत्तीवर चालत होतं. सूचना मी दुसऱ्या दिवशी पाहिली, ‘रविवारी बघू’ म्हणून बाजूला ठेवली आणि रविवारी मतमोजणी बघता बघता दुरुस्ती करून टाकली. काम झालं असं समजून दिवाळीच्या तयारीला लागलो.

दिवाळी उलटल्यावर, २९ ऑक्टोबरला, दुसरी सूचना आली. पहिली सूचना निघाल्यापासून सात तासांत, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेचारपर्यंत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी चोर घरात शिरून गेला आहे असंच गृहीत धरावं. नंतर लावलेल्या कुलपाचा उपयोग नाही. १५ तारखेच्या आधीचा बॅकअप काढून सगळं नव्यानं उभारावं. माझ्याकडचा शेवटचा बॅकअप गणपतीतला होता. मधल्या काळातल्या नव्या पुस्तकांच्या नोंदी आणि व्याख्यानमालेची पानं पुन्हा भरावी लागणार होती. वाचनालयाच्या कार्यवाहांना मी हे सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “फुकटात मिळालेलं असंच असायचं.”

चूक माझी होती. सूचना वेळेत आली होती, दुरुस्तीही तयार होती. आळस मी केला. तरीही ते वाक्य डोक्यातून जाईना. ही प्रणाली फुकट का मिळते, ती करतं कोण, अडलं तर मदत कोण करतं, आणि मदत घेणारे व देणारे दोघेही इतके वैतागलेले का असतात, याचा मी शोध घेऊ लागलो. हा लेख त्या शोधातून निघाला आहे.

वसतिगृहातली आठ मुलं

संकेतस्थळावरचा मजकूर कोड न लिहिता भरता यावा, बदलता यावा, त्याची नीट मांडणी व्हावी, यासाठी जी प्रणाली लागते तिला ‘सीएमएस’ म्हणतात. मराठीत आशय-व्यवस्थापन प्रणाली. ड्रुपल ही त्यांतली एक. ती मुक्तस्रोत आहे. तिचा कोड कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा आणि पुढे द्यावा. अट एवढीच की बदललेला कोड पुढे देताना घेणाऱ्यालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत.

तिची सुरुवात मात्र अगदी घरगुती आहे. २००० साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात कायमस्वरूपी इंटरनेट ही विद्यार्थ्यांसाठी चैनीची गोष्ट होती. ड्रीस बॉयटार्ट आणि हान्स स्नायडर या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांमध्ये बिनतारी दुवा उभारून हान्सची एकच जोडणी आठ जणांत वाटून घेतली. बॉयटार्टने या आठ जणांसाठी निरोपांचा एक छोटा फळा तयार केला. नेटवर्क चालू आहे की बंद, रात्री जेवायला कुठे भेटायचं, असे निरोप त्यावर असत. शिक्षण संपल्यावर मित्र पांगले, पण फळा चालू ठेवायचं ठरलं. त्यासाठी इंटरनेटवर नाव नोंदवताना बॉयटार्टला ‘डॉर्प’ हवं होतं. डच भाषेत डॉर्प म्हणजे छोटं गाव. टंकताना अक्षरं उलटसुलट झाली आणि ‘ड्रॉप’ झालं. इंग्रजीत ड्रॉप म्हणजे थेंब. तेच नाव राहिलं. पुढे १५ जानेवारी २००१ रोजी फळ्यामागचा कोड सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा थेंबासाठीच्या ‘ड्रुपेल’ या डच शब्दावरून त्याला ‘ड्रुपल’ म्हटलं गेलं.

या नावाच्या गोष्टीत मला सगळा पुढचा इतिहास दिसतो. त्या आठ जणांत मागणारा आणि देणारा असा भेद नव्हता. फळा बंद पडला तर तो दुरुस्त करणाराही त्याच आठांपैकी एक, आणि कुरकुर करणाराही. दोघं रात्री एकाच टेबलावर जेवायचे.

सर्व्हर कोसळला तेव्हा

पहिली काही वर्षं हे गावपण टिकलं. २००३-०४ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड डीन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांनी ड्रुपल उचललं, आणि त्यातून कितीतरी नवे हात मिळाले. वापरणारे वाढले तसा प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा भार वाढला. जुलै २००५ मध्ये तिथला सर्व्हर कोलमडला. बॉयटार्टने तात्पुरत्या पानावर तीन हजार डॉलरची मदत मागितली. एका दिवसात दहा हजारांच्या आसपास जमले. सन मायक्रोसिस्टिम्सने एक यंत्र देऊ केलं, ओरेगन राज्य विद्यापीठाच्या मुक्तस्रोत प्रयोगशाळेने ते ठेवायला जागा दिली.

ड्रुपलची जुनी माणसं ही गोष्ट आजही सांगतात, आणि त्यांचा अभिमान रास्त आहे. पण पैसे कोणी दिले हे पाहायला हवं. ज्यांचं रोजचं काम ड्रुपलवर चालत होतं आणि ज्यांना त्याचा कोडही वाचता येत होता, ती ही माणसं. अजूनही मागणारा आणि देणारा बराचसा एकच होता.

थेंब थांबत नाही

हा भेद पडायला दोन गोष्टी कारण झाल्या. एक, यश. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसचं संकेतस्थळ ड्रुपलवर आलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः लिहून घेतलेला काही कोड सर्वांसाठी खुला केला. विद्यापीठं, सरकारं, मोठी वृत्तपत्रं यांच्यासाठी ड्रुपल बांधून देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. खुद्द बॉयटार्टने २००७ मध्ये जे बॅटसन यांच्याबरोबर ‘ॲक्विया’ ही कंपनी काढली. आता पगार घेऊन ड्रुपलचं काम करणारे होते, रात्री जागून फुकट करणारे होते, आणि आमच्या वाचनालयासारखे कोडचं ओ की ठो न कळता ते वापरणारेही होते.

दुसरी गोष्ट तत्त्वाची. ‘थेंब सतत पुढे सरकत असतो’ अशी या समूहाची घोषणाच आहे. नवी मोठी आवृत्ती काढताना तुमचा मजकूर पुढे नेता यावा याची काळजी घ्यायची, पण जुन्या कोडला सांभाळून घेण्यासाठी नव्याचे हात बांधायचे नाहीत. तंत्राच्या दृष्टीने हे प्रामाणिक धोरण आहे. ज्याने त्याने जुनं ओझं वाहिलं तर घर अडगळीचं होतं. पण ड्रुपलचं बळ त्याच्या गाभ्याइतकंच हजारो जोड-मॉड्यूलमध्ये आहे. दिनदर्शिका, छायाचित्रं, नोंदणी-अर्ज, प्रत्येकासाठी वेगळं मॉड्यूल, आणि प्रत्येकामागे बहुधा एखाद-दुसरा माणूस. आवृत्ती बदलली की त्या माणसाने ते पुन्हा लिहायचं. मध्ये त्याचं लग्न झालं, नोकरी बदलली, किंवा नुसता कंटाळा आला, की वाट पाहणारे शेकडो जण ताटकळत राहतात. मग सुरू होतात विचारणा: कधी होणार? झालं का? कोणी आहे का इथे? आणि ठरलेलं उत्तर: कोड खुला आहे, तुम्हीच करा की.

हे उत्तर नियमाने बरोबर आहे आणि माणुसकीने अपुरं. ज्याला करता येतं त्याच्यासाठी ते निमंत्रण असतं. ज्याला येत नाही त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं असतं.

आठव्या आवृत्तीने हे सगळं टोकाला नेलं. जानेवारी २०११ मध्ये सातवी आली आणि लगेच आठवीचं काम सुरू झालं. ती बाहेर यायला १९ नोव्हेंबर २०१५ उजाडला. तीन हजारांहून अधिक लोकांचे हात तिला लागले. आतापर्यंत ड्रुपल बहुतेक सारं आपलं आपण बनवत आलं होतं. आता फ्रान्समध्ये जन्मलेल्या ‘सिम्फनी’ या चौकटीचे भाग त्यात घेतले गेले आणि कोड लिहिण्याची पद्धतच बदलली. शिकलेल्या प्रोग्रामरला ते ओळखीचं वाटलं. पण ज्यांनी ड्रुपल उघडून, इकडचं तिकडे करून, चुका करत करत स्वतःला घडवलं होतं, त्या अर्धशिक्षित कारागिरांना आपल्याच घरात परकं वाटू लागलं. सातवरून आठवर जाणं म्हणजे डागडुजी नव्हती. घर नव्यानं बांधणं होतं.

जेन आणि नेट लॅम्प्टन या जुन्याजाणत्या जोडप्याने २०१३ मध्ये वेगळी चूल मांडली. ड्रुपल सातचा कोड घेऊन त्यांनी ‘बॅकड्रॉप’ सुरू केलं. भर छोट्या संस्थांवर आणि कमी खर्चावर. त्याची पहिली आवृत्ती १५ जानेवारी २०१५ रोजी आली, म्हणजे ड्रुपलच्या चौदाव्या वाढदिवशी. मुक्तस्रोतात अशी वाटणी करायला कोर्टकचेरी लागत नाही. घर कोणाचं मोडत नाही, दोघांकडे सगळं घर राहतं. माणसं मात्र वाटली जातात.

पवईतला रविवार

फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रुपलचं आशियातलं पहिलं मोठं संमेलन मुंबईत पवईच्या आयआयटीत भरलं. मी गेलो तो तक्रार घेऊनच. आठवीवर जाताना आमच्यासारख्यांनी काय करायचं, हे कोणाला तरी विचारायचं होतं. या संमेलनांच्या शेवटच्या दिवशी भाषणं नसतात. सगळे एकत्र बसून कामं करतात, आणि नवख्यांना हाताशी धरणारे जाणते असतात. त्या रविवारी माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने माझी तक्रार पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, “काका, तुम्हाला मराठी चांगलं येतं ना?” ड्रुपलचा पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द स्वयंसेवक भाषांतरित करतात, मराठीचाही. त्या दिवसापासून मी ते काम करू लागलो.

इतकी वर्षं मी प्रश्न विचारले होते. एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. आता रोज रात्री पंधरा-वीस शब्द घेऊन बसायचो. ‘टॅक्सॉनॉमी’ला वर्गीकरण चालेल, पण ‘नोड’ला काय म्हणायचं? गाठ म्हटलं तर वाचणारा अडेल, घटक म्हटलं तर अर्थ पातळ होईल. काही महिन्यांनी माझ्या शब्दांवर पहिला अभिप्राय आला: “‘जतन करा’ असं कोण बोलतं? ‘सेव्ह करा’ लिहायला काय जातं? जमत नसेल तर करता कशाला?”

मी संतापलो. उत्तर लिहायला बसलो. पहिलंच वाक्य उमटलं: ‘मी हे फुकटात करून देतो आहे.’ आणि तिथे हात थांबला. कार्यवाहांचा शब्द माझ्या हातून उतरला होता. घेणारा ‘फुकट’ म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, याची किंमत नाही. देणारा ‘फुकट’ म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, तुला बोलायचा हक्क नाही. दोघंही त्या वस्तूला बाजारातल्या तराजूत टाकतात. ती वस्तू मुळात गावच्या पाणवठ्यासारखी. पाण्याला वास येतोय हे सांगणंही पाणवठा राखण्याचाच भाग आहे. फक्त सांगणाऱ्याने कधीतरी गाळ काढायलाही उतरायला हवं, आणि गाळ काढणाऱ्याने ज्याला उतरता येत नाही त्याच्या हाती निदान दोर द्यायला हवा. मी ते उत्तर खोडलं. अभिप्रायात तथ्य होतं का, ते आणखी दोघांना विचारलं. ‘जतन करा’ ठेवलं, दुसरे चार शब्द बदलले.

ड्रुपलनेही हळूहळू हे ओळखलं असं दिसतं. कोणी किती काम केलं, स्वतःच्या वेळात की कंपनीच्या पगारावर, याची नोंद २०१५ पासून जाहीरपणे ठेवली जाऊ लागली. गाळ कोण काढतो ते सर्वांना दिसू लागलं. सातव्या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर २०२१ मध्ये काढून घ्यायचा ठरला होता. ती मुदत तीनदा वाढली, कारण लाखो संकेतस्थळं तिथून हलली नव्हती. त्यांत आमचं वाचनालयही होतं. अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी, तिच्या जन्मानंतर बरोबर चौदा वर्षांनी, तो आधार थांबला. त्यानंतर दहाच दिवसांनी कोड न येणाऱ्यांना समोर ठेवून बांधलेली ‘ड्रुपल सीएमएस’ ही नवी रचना आली. मधल्या दशकात जे दुरावले त्यांना परत बोलावण्याचा तो प्रयत्न आहे. किती जण परततील, हे दारात त्यांचं स्वागत कसं होतं यावर ठरेल.

आमचं वाचनालय त्याआधीच, २०२४ च्या पावसाळ्यात, मी वेगळ्या चुलीवर, म्हणजे बॅकड्रॉपवर नेलं. सातव्या आवृत्तीतला मजकूर तिथे तसाच नेता येतो. दोन ठिकाणी अडलो. परदेशातल्या कोणा अनोळखी माणसाने माझी मोडकीतोडकी इंग्रजी समजून घेऊन वाट दाखवली. काम झाल्यावर मी नव्या कार्यवाहांना कळवलं. त्यांनी विचारलं, “सर, याचे पैसे कोणाला द्यायचे?”

मी त्यांना म्हटलं, पैसे नकोत. कॉलेजात जाणारा एखादा मुलगा द्या, शनिवारी दोन तास माझ्याशेजारी बसणारा.