शिंद्यांच्या छावणीतील टपाल आणि आजचा नंबर

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपली फौज उतरविली आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. शिंदे की छावनी ही त्याच शहरातील वस्ती. चाकरी दरबारात आणि आप्तस्वकीय पुण्या-मुंबईकडे, अशी स्थिती असलेल्या येथील मराठी कुटुंबांना टपाल ही संसाराची नित्य गरज होती.

1885 मध्ये ग्वाल्हेर दरबाराने हिंदुस्थान सरकारच्या टपालखात्याशी करार केला. पतियाळा, नाभा, जींद, चंबा आणि फरीदकोट या संस्थानांचेही असेच करार त्याच सुमारास झाले. ग्वाल्हेरच्या करारान्वये व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याची सरकारी तिकिटेच, त्यांवर इंग्रजी व नागरी अक्षरांत ग्वाल्हेरचे नाव छापून, संस्थानात विकली जाऊ लागली, आणि पुढे दरबारी कामकाजाच्या तिकिटांवर 'ग्वालियर सर्विस' ही अक्षरे नागरीत उमटली. वरकरणी ही छापखान्याची बाब दिसते. परंतु तिचे मर्म असे, की असे तिकीट लावलेले पत्र संस्थानाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात गेले, तरी तेथील डाकखात्याने त्याचा महसूल भरून पावल्याचे मानून ते मुक्कामी पोहोचवावयाचे होते. होळकरांच्या इंदुरास असा करार नव्हता; त्यांची तिकिटे त्यांच्याच हद्दीत चालत, आणि बाहेर जाणाऱ्या पत्रास सरकारी तिकीट लावावे लागे. एका खात्याने दुसऱ्या खात्याची नोंद आपली म्हणून स्वीकारणे, हे मला त्या कराराचे सर्वांत मोलाचे अंग वाटते. रयतेस मात्र त्याची जाणीव बहुधा तेव्हाच होते, जेव्हा ही स्वीकृती कोठेतरी अडते. ग्वाल्हेरचे तिकीट विलायतेच्या पत्रास चालत नसे, तेथे ती अशी अडत असे.

संस्थानी डाक 1950 मध्ये भारतीय खात्यात विलीन झाली आणि 1 जानेवारी 1951 पासून ती तिकिटे रद्द ठरली.

मोबाईलच्या नंबराचा प्रश्न मात्र जुन्या कराराच्याच जातीचा आहे: एकाची नोंद दुसऱ्याने आपली म्हणून स्वीकारण्याचा. आरंभी नंबरांच्या मालिका कंपन्यांना वाटून दिलेल्या असत, व पहिल्या आकड्यांवरूनच धनी कोण हे कळे. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर झाली, तेव्हा ही खूण लोपली. 3 जुलै 2015 पासून तर पुण्याचा नंबर ग्वाल्हेरच्या कंपनीकडेही नेता येऊ लागला. आता प्रत्येक स्थलांतरित नंबराची वाट एका सामाईक फेरिस्तीत नोंदविली जाते, आणि सर्व वाहकांनी ती वाचून संदेश रवाना करावयाचा असतो.

म्हणूनच कंपनी बदलल्यावर फोन वाजतो, पण व्हॉट्सअ‍ॅपचा किंवा बँकेचा ओटीपी येत नाही, असा प्रकार घडतो. संदेश पाठविणाऱ्या मध्यस्थाच्या दफ्तरी जुन्याच कंपनीचे नाव राहिले, म्हणजे तो जुन्या वाटेने जातो व तेथेच हरवतो. अशा वेळी नवे सिम चालू झाल्यावर एक अहोरात्र वाट पाहावी. जुने सिम फोनमधून काढावे. साधा एसएमएस दुसऱ्यास पाठवून व दुसऱ्याकडून मागवून दोन्ही दिशा तपासाव्यात, आणि पाठविताच येत नसेल तर संदेश-केंद्राचा नंबर नव्या कंपनीचाच आहे ना, हे पाहावे. काही फोन आपल्या अंगच्या संदेशसेवेच्या नोंदणीसाठी स्वतःच परदेशी क्रमांकास एसएमएस धाडतात, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक हवी. ती भरल्यावर ही संदेशसेवा बंद करून, फोन पुन्हा सुरू करून, नोंदणी नव्याने करावी. ओटीपी पुनःपुन्हा मागविल्याने सेवा काही काळ आणखी अडविते, हेही ध्यानी असावे.

एवढ्यावरही सर्वांचेच संदेश अडत असतील, तर तक्रार नव्या कंपनीकडे करावी, कारण नंबराची जबाबदारी आता तिच्या दफ्तरी आहे. एकाच बँकेचा वा सेवेचा ओटीपी अडत असेल, तर जुनी नोंद त्या पाठविणाऱ्याकडे राहिली आहे असे समजून त्याला लेखी कळवावे, व अर्जात नंबर कोणत्या तारखेस नव्या कंपनीकडे गेला ते स्पष्ट लिहावे.