चौदा इंचांची शेज

शिडाच्या जहाजांचा इतिहास वाचताना डोलकाठ्यांची उंची सापडते, तोफांची संख्या सापडते, कोणत्या लाकडाला किती पैसे पडले याचे हिशेबही सापडतात. पण ही चारशे-पाचशे माणसे रात्री झोपत कुठे आणि कशावर, असे विचारले की ग्रंथांची बरीच पाने उलटावी लागतात. गेली काही वर्षे मी हा प्रश्न मनात धरून जुनी प्रवासवर्णने वाचत आलो आहे. अंथरूण हा विषय इतिहासकारांना क्षुल्लक वाटत असावा. मला तो तसा वाटत नाही. दर चार तासांनी पहाऱ्यावर उभा राहणारा माणूस झोपला नाही, तर डोलकाठीवरून पडतो. आणि कोणाला किती जागा झोपायला द्यायची हे ठरवताना मालकाच्या मनातली त्या माणसाची किंमत लपून राहत नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जमिनीवरची चांगली गादी आणि समुद्रावरची चांगली गादी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घरात पिंजाऱ्याकडून नवा कापूस पिंजून घेतलेली मऊ, ऐसपैस गादी म्हणजे सुख. तीच गादी डोलणाऱ्या जहाजात टाकली, तर झोपलेला माणूस रात्रभर या कडेवरून त्या कडेला घरंगळत राहील. झोप लागली तरी अंगाचे स्नायू स्वतःला सावरत राहतात आणि सकाळी माणूस आडवा होण्यापूर्वी होता त्याहून थकलेला उठतो. तेव्हा समुद्रावर बिछान्याकडून दोनच अपेक्षा असतात : त्याने माणसाला धरून ठेवावे आणि कोरडे राहावे. मऊपणाचा विचार त्यानंतर.

युरोपीय खलाशांना ही धरून ठेवणारी शेज आयती मिळाली. १४९२ मध्ये कोलंबसाची माणसे बहामा बेटांवर उतरली, तेव्हा तिथल्या घरांत त्यांना सुती जाळ्यांचे टांगते बिछाने दिसले. तिथल्या ताइनो लोकांच्या भाषेतला शब्द होता ‘हमाका’. त्यावरून स्पॅनिश शब्द आला आणि पुढे इंग्रजीतला ‘हॅमॉक’. आपल्याकडे लुगड्याची झोळी बांधून तान्ह्या मुलाला निजवणाऱ्या बाईला या शोधाचे फारसे नवल वाटले नसते. पण तोवर युरोपातला साधा खलाशी उघड्या फळ्यांवर, पेटाऱ्यांवर, जागा मिळेल तिथे अंग टाकत होता. १५९७ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने कॅनव्हासच्या टांगत्या बिछान्यांना मंजुरी दिली. म्हणजे पाहिल्यापासून अंगीकारायला शंभर वर्षे लागली. सरकारी खात्यांचा वेग पाहता हे काही फार नव्हे.

हॅमॉकची करामत साधी आहे. तो जहाजाच्या लांबीच्या दिशेने, तुळयांना टांगतात. जहाज डावी-उजवीकडे झुकते, पण झोळी ओळंब्यासारखी सरळच राहते. खरे तर झोळी हलत नाही, जहाज तिच्याभोवती हलते. शिवाय तिच्या दोन्ही बाजू अंगाला बिलगून वर येतात, त्यामुळे खाली पडायची धास्ती नाही. आत एक पातळ गादी असे, बहुधा लोकरीच्या तुकड्यांनी भरलेली. वर एक कांबळे आणि उशाला छोटा लोड.

आता जागेचे माप. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश युद्धनौकेवर माणशी १४ इंच रुंदी ठरलेली होती. आपला जुना हात १८ इंचांचा. म्हणजे एका माणसाची शेज एका हाताहूनही चार इंच कमी. सरासरी पुरुषाचे खांदे १४ इंचांत मावत नाहीत. यावर तोड अशी की एका आड एक हॅमॉक वेगवेगळ्या पाळीच्या माणसांचा असे. समुद्रावर निम्मे लोक पहाऱ्यावर असत, तेव्हा शेजारची झोळी रिकामी आणि झोपणाऱ्याला २८ इंच. बंदरात मात्र सगळे एकाच वेळी झोपत आणि १४ इंच खरोखरच १४ इंच होत. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनचे निशाण ज्यावर होते, त्या ‘व्हिक्टरी’वर ८०० हून जास्त माणसे होती. दिवसा जिथे तोफा चालत, जेवणाची टेबले लागत, तिथेच रात्री तुळयांखाली शेकडो झोळ्या लोंबत.

सकाळी शिटी वाजली की प्रत्येकाने आपल्या हॅमॉकची वळकटी बांधायची, तीही हवी तशी नाही. दोरीचे सात वेढे, आणि वळकटी ठरलेल्या मापाच्या कड्यातून आरपार गेली पाहिजे. मग सगळ्या वळकट्या वरच्या डेकच्या कठड्यावर, जाळ्यांमध्ये ओळीने रचायच्या. यात तीन कामे होत. झोपायची जागा रिकामी होई, अंथरुणाला वारा लागे आणि लढाईत बंदुकीच्या गोळ्या व लाकडाच्या उडत्या ढलप्या यांच्यापासून आडोसा मिळे. घट्ट बांधलेली वळकटी पाण्यात काही काळ तरंगते, म्हणून बुडणाऱ्याला तिचा आधारही होता. आणि खलाशी मेला, तर त्याच कॅनव्हासमध्ये त्याला शिवून, पायाशी तोफेचे दोन गोळे ठेवून समुद्रात सोडत. जन्मभर एवढी साथ देणारे अंथरूण जमिनीवर कोणाच्या वाट्याला आले असेल?

अधिकाऱ्यांचे निराळे. त्यांना लाकडी चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासचा, पेटीसारख्या कडांचा टांगता पाळणा मिळे, आत खरी गादी. स्वतः नेल्सनही असाच टांगत्या पाळण्यात झोपे. हुद्दा वाढला तसा पाळणा रुंद झाला, पडदे आले, पण तो टांगलेलाच राहिला, कारण समुद्र हुद्दा ओळखत नाही.

या साऱ्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे. फ्रिगेट जातीच्या जहाजात एक सोय होती : मुख्य तोफा वरच्या डेकवर, त्यामुळे खालचा डेक माणसांच्या राहण्या-झोपण्याला मोकळा. तोफांच्या अंगावर लोंबकळण्यापेक्षा हे बरेच बरे. मुंबईच्या सुतारांनी तासलेल्या तुळयांना इंग्लंडच्या खलाशांच्या झोळ्या टांगल्या गेल्या, हे मला तोफांच्या संख्येपेक्षा जास्त भावते.

व्यापारी जहाजांवर आरमाराची शिस्त नव्हती आणि आरमाराची झोळीही बहुधा नव्हती. तिथे भिंतीला ठोकलेल्या फळ्यांचे अरुंद बंक असत आणि गादी ज्याची त्याने आणायची. बंदरातल्या दुकानात पेंढा भरलेली स्वस्त गादी मिळे. खलाशी तिला ‘गाढवाची न्याहारी’ म्हणत. सफर संपेपर्यंत पेंढ्याचा भुगा होई, ढेकणांचे कुटुंब वाढे, आणि घरचे बंदर जवळ आले की ती न्याहारी समुद्राला अर्पण केली जाई. हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सोडून साधा खलाशी म्हणून निघालेला रिचर्ड हेन्री डेना १४ ऑगस्ट १८३४ रोजी बॉस्टनहून ‘पिलग्रिम’वर चढला, तेव्हा त्याच्या वाट्याच्या जागेत बंकही नव्हते. दोरखंडांची वेटोळी, जादा शिडे आणि जहाजाचे सामान यांच्यामध्येच झोपायचे होते. १८४० मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाने अमेरिकेतल्या घरबसल्या वाचकांना खलाशाचे जिणे पहिल्यांदा आतून दाखवले.

पुढे वाफेची जहाजे आली. त्यांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांत, ज्यांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत, रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. शिडांचा विषय क्षणभर सोडून हे सांगतो, कारण मापाची गोष्ट इथेच उघडी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय खलाशाला राहण्यासाठी ७२ घनफूट जागा कायद्याने ठरली होती, लास्करला ३६. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच अशी एक पेटी. १९०६ मध्ये ब्रिटिश खलाशाची जागा १२० घनफूट झाली. लास्करची त्याबरोबर वाढली नाही. समुद्र हुद्दा ओळखत नाही असे मी वर लिहिले. कंपन्यांचे कारकून मात्र रंगही ओळखत.

आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्यांवर आणि फत्तेमाऱ्यांवर तर बंकही नव्हता. तांडेलापासून पोऱ्यापर्यंत सगळे डेकवर, गुंडाळलेल्या शिडाच्या आडोशाला, चटईवर गोधडी टाकून झोपत. हर्णै बंदरात जुन्या खलाशांशी बोलताना मी गादीचा विषय काढला, तर ते हसले. गोधडी एका दुपारच्या उन्हात वाळते, गादी चार दिवसांत नाही, एवढेच त्यांचे शास्त्र होते. ते शास्त्र पक्के आहे. समुद्राच्या पाण्याने भिजलेले कापड वाळवले तरी त्यातले मीठ आत राहते, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ पुन्हा पाणी ओढते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जे करते, तेच खारवलेली गादी करते. गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ती खऱ्या अर्थाने कोरडी होतच नाही, आणि भर समुद्रात गोडे पाणी गादीवर ओतणारा वेडाच म्हणायचा.

म्हणून जहाजांच्या गाद्यांत काय भरायचे याचा शोध सतत चालू राहिला. पेंढा कुजतो. कापूस पाणी पितो आणि गोळे धरतो. घोड्याचे केस टिकतात, पण महाग. विसाव्या शतकात कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, लोकप्रिय झाला. त्याच्या पोकळ, मेणचट धाग्यात पाणी सहज शिरत नाही, म्हणून तो जीवरक्षक जाकिटांतही भरत. सावरीच्या उशा आपल्याकडे घरोघरी होत्या, पण त्या तरंगतात हे कोणी करून पाहिले असेल असे वाटत नाही. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधले, आणि पन्नाशीच्या दशकापासून त्याचा फोम गाद्यांत आला. आजच्या शिडाच्या बोटीवर बहुधा तोच असतो : चार-पाच इंच जाड, बोटीच्या कुशीच्या वळणाप्रमाणे तिरपा कापलेला. त्याच्याखाली हवा खेळायला पट्ट्या किंवा जाळी लागते. नाही तर झोपलेल्याच्या अंगची वाफ थंड तळाला लागून गादीखाली पाणी साचते आणि महिन्याभरात बुरशी धरते. बोटीच्या नाळेतला, बाजारात सर्वांत आकर्षक दिसणारा रुंद पलंग बंदरापुरताच कामाचा. लाटांवर नाळच सर्वांत जास्त उसळते. भर समुद्रात झोपायला बोटीच्या मध्यावरचा किंवा मागचा, जेमतेम दोन फुटी बंक लागतो, आणि त्याच्या मोकळ्या कडेला कॅनव्हासचा पडदा, जो वर छताला बांधून टाकता येतो. पाहा, शेवटी पुन्हा झोळीच झाली.

एकट्याने जग फिरणाऱ्यांना झोपेचा प्रश्न निराळाच छळतो : आपण झोपल्यावर सुकाणूवर कोण? जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या ३७ फुटी बोटीतून एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. असे करणारा तो पहिलाच. अझोर्स बेटांवरची आलुबुखारे आणि चीज खाऊन त्याच्या पोटात कळा उठल्या, तेव्हा तो बंकवर नव्हे, केबिनच्या जमिनीवर पडला. शुद्धीवर आला तर सुकाणूवर एक परका माणूस : कोलंबसाच्या ‘पिंटा’चा वाटाड्या! तापातला भास. पण बोट खरोखर नीट मार्गावर होती. पुढे मॅगेलन सामुद्रधुनीत, रात्री कोणी चढून येईल म्हणून तो झोपण्यापूर्वी डेकवर बारीक खिळे पसरून ठेवी. मध्यरात्री अनवाणी आलेल्यांच्या किंकाळ्यांनी त्याला जाग आली. एवढा भरवशाचा पहारेकरी मोठ्या जहाजांनाही क्वचित मिळाला असेल.

‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी निघाला आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता जगाला एकट्याने वळसा घालणारा पहिला माणूस म्हणून परतला. दक्षिण महासागरात एका सप्टेंबरच्या रात्री तो ऊब यावी म्हणून अंगावर कॅनव्हास ओढून झोपला होता. लाटेने बोट आडवी केली, अंधारात सामानाचा ढिगारा अंगावर कोसळला, आणि त्या ओझ्याखाली कॅनव्हास असा दबला की बंकमधून बाहेर पडणेच कठीण झाले. धरून ठेवणारे अंथरूण कधी कधी असेही धरून ठेवते.

पन्नास वर्षांनी, त्याच शर्यतीच्या स्मरणार्थ भरलेल्या स्पर्धेत, ‘सुहेली’च्या नमुन्यावर गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ घेऊन आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी उतरले. सप्टेंबर २०१८ मध्ये, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळात बोटीच्या डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. उठता येत नव्हते, खाता-पिता येत नव्हते. फ्रान्सचे ‘ओसिरिस’ हे जहाज २४ सप्टेंबरला येऊन पोहोचेपर्यंतचे दिवस त्यांनी त्या डोलणाऱ्या बोटीतल्या बंकवर पडून काढले, आणि तिथूनच त्यांना स्ट्रेचरवर उचलून नेले. कण्यात टायटॅनियम बसवल्यावर ते पुन्हा त्याच स्पर्धेत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.