फड सिंचन पद्धत

फड सिंचन पद्धत ही खानदेश आणि लगतच्या बागलाण परिसरातील पारंपरिक, गावकऱ्यांनी सामूहिकरीत्या चालविलेली सिंचन व्यवस्था आहे. तापी खोऱ्यातील पांझरा (धुळे जिल्हा) तसेच मोसम व आरम (नाशिक जिल्हा) या नद्यांवर ती विकसित झाली. ती सुमारे ३०० ते ४०० वर्षे जुनी मानली जाते. 'फड' हा शब्द मराठीत तमाशाच्या संचासाठी व कुस्तीच्या मैदानासाठीही रूढ आहे. येथे मात्र एकाच पिकाखालील सलग शेतजमीन असा त्याचा अर्थ होतो.

रचना

पांझरा नदी साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते आणि धुळे शहरावरून वाहत जाऊन मुडावद येथे तापीला मिळते. नदीचा बहुतेक प्रवास पर्जन्यछायेच्या प्रदेशातून होतो. पाणी मात्र उगमाकडील पावसाचे असते. हे वाहते पाणी दगडी बंधाऱ्याने अडवून कालव्यात वळविले जाते. कालव्यांची लांबी २ ते १२ किलोमीटर असते. कालव्यातून चारी, चारीतून सारंग आणि सारंगातून शेत असा पाण्याचा मार्ग असून जादा पाणी सांडव्यांवाटे बाहेर पडते. पंप कोठेही लागत नाही. एका बंधाऱ्याखालील क्षेत्रास 'थळ' म्हणतात. त्याचे साधारणपणे चार फड पाडलेले असतात.

अवर्षणातील पाणीवाटप

एका फडात एकच पीक घेतले जाते आणि ते शेतकरी एकेकटा नव्हे, तर सर्वजण मिळून ठरवितात. ऊस बारा महिने पाणी मागतो, गहू व हरभरा हिवाळ्यातील पाण्यावर येतात, तर बाजरी बहुतांशी पावसावर निभावते. त्यामुळे कोणत्या फडात ऊस लावायचा हा प्रश्न वस्तुतः उन्हाळ्यात नदीला किती पाणी उरेल याचा अंदाज असतो. पाऊस चांगला झाला तर एक किंवा दोन फडांत ऊस घेतला जातो. पाऊस अपुरा पडला तर नवी लागवड टाळून हंगामी पिके घेतात, एखादा फड पडीक ठेवतात.

पद्धतीचे मर्म जमिनीच्या विभागणीत आहे. बहुतेक खातेदारांची जमीन थळातील निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पडीक फडातील नुकसान आणि भिजलेल्या फडातील उत्पन्न दोन्ही सर्वांच्या वाट्याला येत. दुष्काळात क्षेत्र आकसते, परंतु कोणी पूर्णपणे पाण्याबाहेर पडत नाही. तुकडेजोड नसलेली जमीन शेतीशास्त्रात दोष समजली जाते. येथे तोच दोष विम्याचे काम करीत होता.

शेताला पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नाही. ते पाटकऱ्याकडे असते, तर पिकाची राखण जागल्या करतो. दोघांचा मोबदला पूर्वी धान्यरूपाने दिला जाई. कालव्यातील गाळ काढण्यासाठी प्रत्येक लाभधारकाने श्रम देणे अपेक्षित असे.

विश्वेश्वरय्या आणि पांझरा

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेवरील नळाच्या वक्रनलिकेचे होते. पुढे १८९९ च्या सुमारास त्यांनी नीरा कालव्यावर गटवार पाणीवाटप सुचविले. ती योजना आणि फड पद्धत यांत पिकांचे गट पाडण्याचे साम्य उघड आहे.

ऱ्हास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या भागात धरणे झाली, विहिरींवर विद्युत पंप बसले आणि जमिनींची विक्री व वाटण्या होऊन अनेकांची मालकी एकाच फडापुरती उरली. अशा शेतकऱ्याला फड पडीक ठेवण्याचा निर्णय परवडत नाही. स्वतःची विहीर असलेल्याला तो पाळण्याची गरज उरत नाही. दोन्ही बाजूंनी पंचांचा शब्द दुर्बळ झाला.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील चित्र वेगळे आहे. गिरणेवरील जामदा बंधाऱ्यासारखी कामे तेथे शासनाने चालविली, तर रावेर व यावल तालुक्यांतील केळी प्रामुख्याने विहिरी व कूपनलिकांवर वाढली. ठिबक सिंचनाने तेथे पाण्याचा अपव्यय कमी झाला. तरीही भूजल पातळी खालावली. कारण ठिबक नळी एका झाडाला किती पाणी द्यावे हे सांगते, गावाने मिळून किती उपसावे हे सांगत नाही.

शासनाने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांना कालव्यांचे अधिकार दिले. पांझरेवरील काही थळांत फड पद्धत अंशतः टिकून आहे.