तीन पिढ्यांचीं नांवें

भाद्रपदाच्या वद्य पक्षांत पुष्कळ घरीं एक प्रसंग दर वर्षीं घडतो. महालयाचें श्राद्ध चाललेलें असतें. संकल्प सांगतां सांगतां उपाध्याय थांबतात आणि यजमानाला नांवें विचारतात. वडिलांचें नांव तो तत्काळ सांगतो. आजोबांचें सांगतांनाहि अडत नाहीं. पणजोबांशीं मात्र किंचित् थबकतो, आणि पणजीचें नांव विचारलें कीं ओशाळून इकडे तिकडे पाहूं लागतो. तेवढ्यांत स्वयंपाकघराच्या दारांतून एक थकलेला आवाज येतो. तो नांव तर सांगतोच, पण त्या बाईचें माहेर कोणत्या गांवचें, तिचीं मुलें किती वांचलीं, आणि तिच्या हातची कोणती भाजी घरांत अजून तिच्याच पद्धतीनें होते, हेंहि सांगून टाकतो. उपाध्याय नांवापुरतें ऐकतात आणि पुढचा मंत्र म्हणूं लागतात.

बाप, आजा, पणजा आणि त्यांच्या जोडीला आई, आजी, पणजी, एवढें स्मरण शास्त्रानें प्रत्येक घरावर घातलेलें आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावें, अशी सवलत धर्मशास्त्रकारांनीं ठेवली. म्हणजे विसरभोळे वंशज तेव्हांहि होतेच. ज्या समाजानें इतिहास लिहिण्याचा कंटाळा केला असा बोल नेहमीं लावला जातो, त्यानें घरोघर निदान तीन पिढ्यांची जंत्री जिभेवर ठेवली होती, ही गोष्ट दृष्टीआड करूं नये.

या जंत्रीला आणखी एक आधार होता, तो नांव ठेवण्याच्या चालीचा. नातवाला आजोबांचें नांव द्यावें, ही रीत गरीबाच्या झोपडीप्रमाणें राजवाड्यांतहि पाळली जाई. पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० सालीं निवर्तला. त्यानंतर बाजीरावाला पहिला मुलगा झाला, त्याचें नांव बाळाजीच ठेविलें. १६८२ मध्यें संभाजी महाराजांना मुलगा झाला तेव्हां त्याचेंहि मूळ नांव शिवाजीच होतें. शाहू हें नांव मागून रूढ झालें. स्वतः संभाजी महाराजांचें नांव त्यांच्या दिवंगत चुलत्याचें. आतां गंमत अशी कीं, सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाहीं हाहि नियम तितकाच कडक. तेव्हां पाळण्यांत ज्याला थाटानें आजोबांचें नांव दिलें, त्याला त्याची आई जन्मभर अप्पा, नाना, बाळ अशाच कोणत्या तरी नांवानें हांका मारी. महाराष्ट्रांतील निम्मे अप्पा आणि नाना या अडचणीतूनच निघाले असावेत.

तोंडच्या या परंपरेला लेखी जोड मिळाली ती तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथें यात्रेकरू गेला कीं उपाध्याय प्रथम गांव आणि आडनांव विचारतो, आणि लांबट वही उलगडून त्याच्या आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेला मोडी मजकूर पुढें ठेवतो. मुलगे, पुतणे, भाऊ, सारे ओळीनें मांडलेले असतात. ज्यानें आजोबांना कधीं पाहिलें नाहीं, त्याला त्यांचें अक्षर तेथें पाहावयास मिळतें, आणि भलाभला माणूस त्या ओळीवरून बोट फिरवतांना गहिंवरतो. मात्र या वह्यांत बायका आढळतात त्या बहुधा कोणाची तरी पत्नी किंवा माता म्हणून, आणि सासरच्या नांवानें. लग्नाच्या दिवशीं तांदुळांत नवें नांव लिहिलें गेलें कीं बापाच्या घरचें जुनें नांव कागदावरून नाहींसें झालें.

कागदांची हानीहि कांहीं थोडी झाली नाहीं. पेशवाई बुडाल्यावर जुन्या घराण्यांचीं दफ्तरें माळ्यावर पडलीं. मोडी वाचणारे कमी झाले, तसतसे ते रुमाल उंदरांच्या, वाळवीच्या आणि शेवटीं वाण्याच्या पुडीच्या स्वाधीन झाले. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून असे कागद मिळवीत. त्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. पुढें निरनिराळ्या घराण्यांनीं आपापले कुलवृत्तान्त छापले. अस्सल कागदावांचून बोलूं नये हा राजवाड्यांचा आग्रह योग्यच होता. पण त्या आग्रहाचा एक परिणाम असा झाला कीं, माळ्यावरचा रुमाल सोडवून पाहणारीं माणसें माजघरांतील आजीपाशीं बसलीं नाहींत. कागद शंभर वर्षें थांबूं शकला. आजी थांबली नाहीं.

घरच्या आठवणींत काय सांठलेलें असतें याचें ठळक उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल आणि घरचें कर्ज फिटेल, या आशेनें काका रामभट यांच्यासह तो १८५७ सालीं उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यांत सांपडला. झांशीचा वेढा त्यानें आंतून पाहिला. मिळविलेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें. तरीहि गंगेचें पाणी खांद्यावरून घरीं आणून त्यानें आईबापांना स्नान घातलें; सारा प्रवास वाचल्यावर मनांत राहतें तें हें स्नान. ही हकीकत पंचवीसेक वर्षांनीं चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यानें लिहून काढली. सरकारच्या भयानें ती बराच काळ तशीच राहिली, आणि १९०७ सालीं 'माझा प्रवास' या नांवानें प्रसिद्ध झाली तीहि वैद्यांनीं पुष्कळ फेरफार करून. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ मध्यें प्रकाशांत आणला. तारखा चुकल्या असतील, ऐकीव गोष्टी खऱ्या मानल्या असतील. पण झांशीच्या गल्ल्यांतील तहान आणि भीति दुसऱ्या कोणत्या कागदांत शोधावी?

त्याच बंडाचा धक्का एका घराला कसा पिढ्यान्पिढ्या जाणवला, हें लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त दिसतें. त्यांच्या आईच्या वडिलांना त्या धामधुमींत फांशी झाली. त्या आघातानें त्यांच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला कीं, त्यांना सोंवळ्याचें वेड लागलें. धान्यच काय, मीठसुद्धां धुवून घेण्यापर्यंत मजल गेली. सरकारी दफ्तरांत फांशीची नोंद एका ओळीची असेल. घरांत तिची किंमत बायकामुलांनीं वर्षानुवर्षें पाणी वाहून दिली. बाई हें हंसत हंसत सांगतात, म्हणूनच वाचणाऱ्याच्या घशाशीं आवंढा येतो. नाना फडणीसासारख्या हिशेबी पुरुषानेंहि आपल्या त्रोटक आत्मवृत्तांत पानिपतच्या पळापळींत आईची ताटातूट झाली, ती कायमची, हें दुःख नोंदविलेलें आहे. तेव्हां तो अवघ्या एकोणिसाव्या वर्षांत होता.

ज्यांना लिहितां येत नव्हतें त्या बायकांनीं आपली वही जात्यावर ठेवली होती. पहांटे दळतांना ओंवींत माहेरचें गांव, बापाचें घर, भावाचें नांव, सासूचा जाच, सारें येई; मुलगी आईपासून आणि नात आजीपासून तें उचली. गिरण्या आल्या आणि जातीं कोपऱ्यांत गेलीं. तरी साने गुरुजींनीं अशा ओंव्या वेंचून ठेवल्या, आणि अलीकडे, १९८० नंतरच्या काळांत, हेमा राइरकर व गी पॉइत्वँ यांनीं खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओंव्या गोळा केल्या. या संग्रहांत ओंवीबरोबर गाणारीचें स्वतःचें नांव, गांव आणि तालुका लिहून घेतलेला आहे.